एकशे बाराच्या पुढे

“सर, ह्यात सोळा पानं नाहीत,” शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक ग्रंथपालांच्या टेबलावर उघडून ठेवलं.

पंधरा दिवसांपूर्वी ते त्यांना ग्रंथपालांनीच दिलं होतं. विश्व कसं सुरू झालं हे साध्या भाषेत सांगणारं, पण पोरखेळ नसलेलं पुस्तक बाईंना हवं होतं. कपाटात तशी पाच निघाली. एकात पानोपानी समीकरणं, दुसरं तिसऱ्याच प्रकरणात देवावर घसरायचं, पुढच्या दोन्हींत चित्रंच जास्त. हे पाचवं मात्र ग्रंथपालांनी ‘डोळे झाकून न्या’ म्हणत हातात दिलं होतं. वर त्यांच्याच सुरेख अक्षरातली चिठ्ठी होती: ग्रंथपालांची शिफारस. शेवटपर्यंत खिळवून ठेवणारं.

“हे बघा. सत्त्याण्णव ते एकशे बारा. पुढे परत सत्त्याण्णव ते एकशे बारा. आणि मग एकदम एकशे एकोणतीस.”

“बांधणीतली चूक,” ग्रंथपाल जाणकारासारखे म्हणाले. “तीच पानं दोनदा लागतात कधी कधी.”

“माझ्या नाही आलं लक्षात. मी आपली वाचत सुटले. मामंजींनी हात वर केला. म्हणाले, सूनबाई, हे काल झालं.”

मामंजी म्हणजे बाईंचे सासरे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता डोळे पार गेले होते. रोज संध्याकाळी बाई मशीनवर झाकण घालायच्या आणि त्यांना तासभर वाचून दाखवायच्या.

“आणि तुटलंय तेही नेमकं कुठे बघा. ‘आणि मग प्रकाशाला पहिल्यांदाच मोकळी’, संपलं! पुढे परत तोच अंधार. दोन दिवस धड जेवलेले नाहीत ते. सारखं विचारतात, मोकळी काय? वाट ना? मग ती झाली कशी?”

“दुसरी प्रत मागवतो.”

“मागवा हो. पण तोवर तुम्हीच सांगा ना. तुम्ही वाचलंय. मी उतरवून घेते.” बाईंनी पिशवीतून गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही काढली आणि कोरं पान उघडलं.

ग्रंथपालांनी त्या पुस्तकाची प्रस्तावना वाचली होती. पहिल्या प्रकरणाची वीस-बावीस पानं, मागचा मजकूर आणि शेवटचा परिच्छेद. जाड पुस्तकांच्या बाबतीत त्यांची हीच पद्धत होती, आणि आजवर ती कुणाच्या बापाला कळली नव्हती. ‘आठवत नाही’ म्हणून सुटताही आलं असतं. पण वर्तमानपत्रांच्या टेबलावरच्या दोन पेन्शनरांनी माना वर केल्या होत्या, आणि वाचनालयात ग्रंथपालांना सगळे ‘ज्ञानकोश’ म्हणत.

“त्याचं असं आहे,” ते म्हणाले, “सुरुवातीला सगळं फार तापलेलं होतं.”

“ते झालंय. ते कधीच झालं.”

“हां. मग ते निवलं. निवल्यावर प्रकाश एका ठिकाणी गोळा झाला. त्याचा एक झोत झाला. आणि तो... सुटला.”

“झोत,” बाईंनी लिहिलं. “किती वर्षांनी?”

“साधारण शंभर.”

“शंभरच?”

“शंभर-दीडशे धरा.”

बाईंनी आकडा लिहिला आणि कमरेचं माप असावं तशी त्याच्याखाली रेघ ओढली. “आकडे फार आवडतात त्यांना. पाठ करतात आणि येईल त्याला सांगतात. परवा टपालवाल्याला अर्धा तास उभा केला होता दारात.”

ग्रंथपालांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची वेळ बरोबर लावून दिली, त्याला आपण टेबलामागे बसून खोटी वेळ लावून देतोय, हे त्यांना स्पष्ट दिसलं. बाईंच्या नजरेला नजर देववेना, म्हणून त्यांनी पुस्तकाचं मागचं पान उलटलं. तिथे अभिप्रायांचा कागद चिकटवलेला होता. सर्वांत वर त्यांची स्वतःची सही. खाली तेवीस वाचकांच्या. अप्रतिम. डोळे उघडले. एका बैठकीत संपवलं. समोरच्या दोन पेन्शनरांपैकी एकाने तर लिहिलं होतं, दोनदा वाचलं.

तेविसातल्या एकालाही पानं कमी पडली नव्हती. आणि ह्या सगळ्यांच्या डोक्यावर आपणच बसलो आहोत, याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

“ताई, ते खोडा.”

“काय, शंभर?”

“सगळंच. मी हे पुस्तक वाचलेलं नाही.”

वर्तमानपत्रांच्या टेबलावर एक वर्तमानपत्र फडफडलं आणि एका पेन्शनराच्या चेहऱ्यासमोर उभं राहिलं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी नुसती प्रत्येक ओळीवर सावकाश रेघ मारली आणि वही पिशवीत टाकली.

“मग मामंजींना काय सांगू?”

“जे झालं तेच सांगा.” ग्रंथपालांनी पुस्तकावरची आपली चिठ्ठी नखाने उचकटायला घेतली. ती पक्की चिकटली होती, अर्धीच निघाली. “नवी प्रत आली की आधी तुमच्याकडे पाठवतो.”

“पाठवू नका. तुम्हीच घेऊन या, आणि त्यांना वाचून दाखवा.” बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “पहिल्या पानापासून, सर. एक ओळ सुटली तरी त्यांना कळतं.”