बंकटचा दगड

फोनचा फ्लॅश तिसऱ्यांदा चमकला. रुचिकाने फोटो मोठा करून पाहिला. दहा महिन्यांच्या रुद्राणीचा उजवा डोळा लाल आला होता, डावा पांढरा. तिन्ही फोटोंत डावाच.

"अप्पा, हे बघा ना."

मन्मथप्पांना, तिच्या सासऱ्यांना, एकच डोळा. त्यांनी फोन त्या डोळ्याजवळ नेला आणि हसले. "चांदणी हाय ही. माझी माय म्हणायची, माझ्या बी डोळ्यात व्हती. मग त्या बंकट्यानं गोफण मारली. डोळा सुजला, मिशनच्या दवाखान्यात काढूनच टाकला. दोन वर्साचा व्हतो मी."

बंकटचं दार समोरच होतं. नेकनूरच्या त्या गल्लीत साठ वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

रुचिकाला चांदणी काही पटेना. दुसऱ्या दिवशी पहिल्याच बसने ती आणि तिचा नवरा रवि मुलीला घेऊन निघाले.

"गाठ आहे," शहरातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण लहान आहे. लेझरने जाईल, डोळा वाचेल. वेळेत आणलंत."

रुचिकाने डोळे पुसले. मग तिला राहवेना. "पण झालीच कशी?"

"पेशींच्या वाढीला ब्रेक लावणारं एक जनुक असतं. ते बिघडलं की अशी गाठ होते. कधी बिघाड घरातूनच येतो."

महिन्याभराने रक्ताचा रिपोर्ट आला. बिघाड रविकडून आला होता. त्याला स्वतःला काहीच झालं नव्हतं. असंही क्वचित होतं म्हणे. रवि रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. रुचिकाला मात्र अप्पांची चांदणी आठवली. तिने डॉक्टरबाईंना आणखी एकच गोष्ट विचारली आणि घरी येताच ती सरळ अप्पांसमोर जाऊन बसली.

"अप्पा, चांदणी दगडाच्या आधीची ना?"

"आधीचीच की. कावून?"

"ती गाठ होती. रुद्राणीसारखीच. डोळा तसाच ठेवला असता, तर गाठ मेंदूत गेली असती. त्या काळी वाचवणारं कुणी नव्हतं."

अप्पांनी समोरच्या बंद दाराकडे पाहिलं.

"म्हंजी दगड लागला नसता तर?"

"डोळा कुणी काढलाच नसता."

त्यांनी रुद्राणीला खांद्यावर घेतलं, वहाणा न घालताच गल्ली ओलांडली आणि समोरची कडी वाजवली.

"बंकटदादा, दार उघड. तुज्या दगडानं वाचलेलं घर घेऊन आलोय."