अर्धा दांडा

वृंदा दुसऱ्यांदा बर्फात आपटली आणि लिफ्टवाल्या म्हाताऱ्यानं पुन्हा यंत्र थांबवलं.

आल्प्समधल्या या चिमुकल्या गावात वर जायला पाळणे नाहीत. तारेला लटकलेला आडवा दांडा येतो. तो दोघांनी मिळून पाठीमागे घ्यायचा आणि पायातल्या स्कीवर उभ्याउभ्याच चढावर ओढलं जायचं. लग्नापासून दर हिवाळ्यात ती आणि श्रीरंग झुरिकहून इथेच यायचे. ती डावीकडे, तो उजवीकडे. "सरक गं, अर्धा दांडा माझा आहे," तो दर खेपेला कुरकुरायचा, आणि ती मुद्दाम आणखी रेलायची. गेल्या उन्हाळ्यात तो गेला.

"एकटं जाताना मधोमध उभं राहायचं, बाई," म्हातारा तिला हात देत जर्मनमध्ये म्हणाला. "तुम्ही कडेला राहता, म्हणून दांडा फिरतो."

"कळतंय हो मला!" ती चिडलीच. कळत होतंच. पाय ऐकत नव्हते.

तिसऱ्या वेळी ती दात आवळून मधोमध उभी राहिली. दांडा आला आणि तिला घेऊन सुरळीत निघाला. खाली गाव बारीक होत गेलं. मग तो चढ आला, एकदम अंगावर येणारा, जिथे श्रीरंगची कुरकुर हमखास सुरू व्हायची. तिनं कान दिला. नुसती तारेची घरघर.

सरक म्हणायला कुणी नव्हतं. तरी ती किंचित डावीकडे सरकली.