मालकाला न जुमानणारा

जळगावच्या एमआयडीसीत भाईदासभाऊंचा प्लॅस्टिकच्या चटयांचा कारखाना होता. परदेशी कंपनीच्या साहेबांनी ऑर्डर देतानाच बजावलं, "माल तपासायला असा माणूस ठेवा, जो मालकालाही जुमानणार नाही."

माल न्यायच्या दिवशी साहेब घामाघूम होऊन आले.

"ट्रक अजून इथेच? परवा मुंबईहून बोट सुटतेय!"

"तपासनिसानं माल नापास केला. रंग फिका आलाय म्हणे."

"अहो, एवढं चालतं! त्याला म्हणावं, सही कर."

"मी नाही म्हणणार."

"कारखान्याचे मालक तुम्ही की तो?"

भाऊंनी कपाळावर हात मारला.

"माझं न ऐकणारा माणूस तुम्हीच मागितला ना, साहेब? म्हणून तर तिथं जावई बसवलाय!"