शून्य नंबरची डिस्क

पडद्यावर तीन ओळी होत्या. डिस्क शून्य, बंद. डिस्क एक, बंद. डिस्क दोन तेवढी चालू.

"संपलं," चारुदत्त म्हणाला. "एक गेली तर बाकीच्या दोघी सांभाळून घेतात. दोन गेल्या की काहीच हाती लागत नाही." सर्व्हरची बिघडलेली डिस्क बदलायला तो सकाळी वाशीहून आला होता. रविवारी यार्डात काम कमी, म्हणून मुद्दाम आज.

ऑफिसातल्या कारकून शरीफाच्या टेबलावर फोनचा रिसीव्हर काढून ठेवलेला होता. पलीकडे पनवेलच्या इस्पितळातले डॉक्टर लाइनवर होते. पळस्पे फाट्यालगतच्या या कंटेनर यार्डात सकाळी आलेल्या मालाचा एक डबा उघडताना पिंप फुटलं आणि पाण्यासारखं काहीतरी हमाल काशिरामच्या दोन्ही हातांवर सांडलं. त्यानं हात पँटला पुसले आणि पुढचं पिंप उचललं. तासाभरानं तो किंचाळायला लागला. पिंपावरची अक्षरं चिनी, डब्यावरची लेबलं उन्हानं पांढरी पडलेली. डब्यात काय आहे हे फक्त सर्व्हरमध्ये. कागद कस्टमच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप.

दारात यार्डातच काम करणारा काशिरामचा थोरला भाऊ काळूराम उभा होता. सांडलं त्याचं नाव घेऊनच ये, असं सांगून डॉक्टरांनी त्याला परत पिटाळलं होतं.

"म्याडम, नुसतं पानी वततायत. हाडात आग झाली म्हनतो. कायतरी करा."

"बॅकअपची टेप लावून बघतो," चारुदत्त म्हणाला.

"टेप बुधवारची आहे, सर. डबा आला शुक्रवारी." शरीफा सर्व्हरच्या कपाटासमोर उकिडवी बसली. "तुम्ही कुठली डिस्क काढली होती?"

"एक नंबरची. गुरुवारपासून तीच बंद होती ना? ती ओढली आणि त्याच क्षणी शून्य नंबरचीही मेली. मग परत बसवली, पण काही उपयोग नाही."

तीन डिस्का एकाखाली एक होत्या. मशीन आलं तेव्हा कुणीतरी त्यांच्यावर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. वरून खाली एक, दोन, तीन.

"सर, चिठ्ठ्या एकपासून आहेत. मशीन शून्यापासून मोजतं."

चारुदत्त वळला.

"खराब झाली ती मधली. तुम्ही काढलीत वरची. ती मेलेली नाही, तुम्ही ओढलीत म्हणून बंद दिसतेय."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं वरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"तिला जबरदस्तीनं चालू करता येतं," तो म्हणाला. "तशी कमांड आहे. पण तुमचा अंदाज चुकला आणि भलतीच डिस्क सुरू झाली, तर सगळ्याचा चिखल होईल. दोन हजार डब्यांच्या नोंदी आहेत आत. हेड ऑफिसकडून लेखी आल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"म्हणजे उद्या?"

टेबलावरच्या रिसीव्हरमधून बारीक आवाज आला. "हॅलो? कुणी आहे का? नाडी अनियमित व्हायला लागलीय त्याची."

"सर, उठा तिथून."

चारुदत्त उठला. शरीफाचं काम नोंदी टाइप करण्याचं. असल्या कमांडला तिनं कधी हात लावला नव्हता. तिनं मॅन्युअल मांडीवर घेतलं आणि एकेक अक्षर बघून टाइप केलं. शेवटी नंबर, शून्य. मशीननं विचारलं: सर्व माहिती नष्ट होऊ शकते. नक्की?

"शंभर टक्के खात्री आहे तुमची?" मागून चारुदत्तनं विचारलं.

"नाही. पण गुरुवारी मधला दिवा लाल झाला, तो मी बघितलाय."

तिनं होकाराचं वाय दाबलं.

काहीच झालं नाही. मग वरच्या डिस्कचा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लागला आणि हिरवाच राहिला. यादी उघडली. तिनं डब्याचा नंबर टाकला. नोंद आली तशी तिनं रिसीव्हर कानाला लावला.

"हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड. डॉक्टर, स्पेलिंग सांगते, एच, वाय..."

"कळलं! सिस्टर, कॅल्शियम काढा, आहे तेवढं सगळं!" आणि फोन आपटला गेला.

वीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही. फोन वाजला तेव्हा शरीफाच्या आधी चारुदत्तनंच तो उचलला. ऐकून त्यानं रिसीव्हर खाली ठेवला.

"कळ ओसरतेय. नाडी ठिकाणावर आली. दोन बोटांचं आताच काही सांगता येत नाही म्हणाले."

काळूरामनं हात जोडले, कुणाला ते त्यालाही ठाऊक नसावं. मग तो टेबलाजवळ आला आणि पडद्याकडे बघत राहिला.

"म्याडम, ह्ये यात कदी लिवलं?"

"शुक्रवारी. डबा गेटातून आत आला तेव्हा."

"कोनी?"

नोंदीच्या शेवटी तिचीच आद्याक्षरं होती. दिवसाला अशा दोनशे नोंदी ती टाकायची.

"मी."

काळूरामनं मान हलवली. चिडला नाही. खिडकीबाहेर यार्डाकडे बोट केलं.

"मंग त्या बाजूच्या डब्यात काय हाय, तेवडं वाचून दावा. जेवन झालं की तो उगडायचा हाय आमाला."