अकरावी रेघ

अहवालाच्या मसुद्यात "स्फोट" हा शब्द आधीच टंकलेला होता. जागा फक्त सहीची रिकामी होती. संरक्षण खात्याच्या सचिवांनी तो कागद भूकंपमापन कक्षातल्या टेबलावर ठेवला आणि त्यावर पेन ठेवले, टोपण काढून.

"बारा वाजता निवेदन आहे, मॅडम. शेजाऱ्यांनी अणुचाचणी केली, एवढं तुमच्या सहीनं पक्कं झालं की पुढचं आम्ही बघतो."

पुढचे काय, ते भूकंपतज्ज्ञ बाईंना ठाऊक होते. सीमेवर रणगाडे कालपासून तोंडे वळवून उभे होते, आणि तिथल्याच एका चौकीवर त्यांचा धाकटा भाऊ होता.

त्यांनी पेनाकडे पाहिले नाही. समोरच्या पडद्यावर सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी बसलेल्या हादऱ्याच्या अकरा रेघा होत्या, अकरा केंद्रांवरून आलेल्या. जमिनीखाली बॉम्ब फुटला की तो चहूबाजूंची जमीन बाहेर ढकलतो; म्हणून प्रत्येक केंद्रावर पहिली हालचाल वरच्या दिशेला उमटायला हवी. भूकंपात खडक घसरतात. ते एका बाजूला ढकलतात, दुसऱ्या बाजूला ओढतात. दहा रेघा वर गेल्या होत्या. डोंगरातल्या केंद्राची अकरावी रेघ स्वच्छ खाली गेली होती.

"दहा विरुद्ध एक," सचिव म्हणाले. "कुठल्याही सभेत ठराव मंजूर झाला असता."

"जमीन मतदान करत नाही, साहेब."

कोपऱ्यात उभे असलेले संस्थेचे संचालक खोकले. निवृत्तीला तीन महिने उरलेला माणूस खोकतो तसे.

सचिवांनी मात्र अभ्यास करून ठेवला होता. "त्या यंत्राच्या तारा उलट्या जोडलेल्या असल्या तर? वर गेलेलं खाली दिसेल. होतं ना असं?"

होत असे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका केंद्रावर नेमके तेच झाले होते, आणि ती चूक हाती लागायला बाईंना चार महिने लागले होते. शंका रास्त होती. म्हणजे ती कोणाच्या सोयीची आहे याचा विचार न करता तपासणे भाग होते. तारा उलट्या निघाल्या तर सही करायची, हे त्यांनी स्वतःला बजावले. मग त्यांनी डोंगरातल्या त्या केंद्राच्या रखवालदाराला फोन लावला, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"काका, तुमच्याजवळच्या खाणीत एवढ्यात सुरुंग कधी लावला होता?"

"मंगळवारी, दुपारी दोनच्या सुमाराला. माझा दाढीचा आरसा फळीवरून खाली आला की, ताई! तुमचं खातं नवीन देणार असलं तर मोठा मागून ठेवतो."

बाईंनी मंगळवारची नोंद उघडली. सुरुंग हाही स्फोटच. तारा उलट्या असल्या तर तो खाली उमटलेला असणार. रेघ सरकत गेली. एक वाजून पन्नास मिनिटे. दोन. दोन वाजून चार मिनिटे.

वर. टाचणीसारखी सरळ वर.

"मंगळवारनंतर कुणी हात लावला असेल," सचिव म्हणाले.

"कोण बोलतंय हे?" फोनमधला आवाज चढला. "ताई, सांगा त्यांना, त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते. झोपेतसुद्धा. बायको म्हणते, किल्लीशीच लग्न करायचं होतंत!"

संचालकांना हसू फुटले. ते त्यांनी घाईघाईने खोकल्यात दडवले.

फोन बंद झाल्यावर सचिवांनी खुर्ची जवळ ओढली. आवाज मऊ केला. "तुमचा सख्खा भाऊ चौकीवर आहे. आज आपण नरमलो आणि उद्या त्यांचा पहिला गोळा तिथंच पडला तर? शांतता धाकानं टिकते, मॅडम."

"टिकत असेल तुमच्या खात्यात. आमच्याकडे वेगळी पद्धत आहे. चाळीस वर्षं आम्ही शेजाऱ्यांच्या संस्थेला आमच्या रेघा पाठवतो, ते आम्हाला त्यांच्या. एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, म्हणून दोघंही तपासून बघतो. असा आरोप याआधी दोनदा झाला, दोन्ही वेळा रेघांनी तो खोडला. आज मी खोटं लिहिलं, तर खरा बॉम्ब फुटेल त्या दिवशी माझ्या सहीला कोण विचारील?"

सचिव संचालकांकडे वळले. "सही तुम्ही करा."

"मला अधिकार नाही," संचालक खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "नियमानं त्यांचीच लागते." या वेळी ते खोकले नाहीत.

बाईंनी मसुदा पालथा घातला आणि नवा अहवाल टंकायला घेतला. तीन ओळी. केंद्रांची यादी, सुरुंगाची नोंद, निष्कर्ष: भूकंप. खाली स्वतःचे नाव. एक कळ दाबली की तो चाळीस देशांच्या संस्थांना एकाच वेळी पोचणार होता.

सचिव उठून उभे राहिले. "याचा परिणाम काय होईल, कल्पना आहे ना?"

"आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कळ दाबली. "म्हणून तर आधी तुमच्या बाजूनं तपासलं."