न वापरलेली इंजेक्शनं

साल बासष्ट. सोनाळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात कंपाउंडर हिंमतराव तीन वर्षं घरोघर सांगत फिरले, "साप चावला तर सरळ दवाखान्यात या." साप आपलं काम करत राहिले, दवाखान्यात मात्र कोणी आलं नाही. कपाटातली विषावरची सहा इंजेक्शनं तशीच पडून राहिली. मार्चमध्ये वरून हुकूम आला, की साठा मुळातच तोकडा आहे, तेव्हा न वापरलेला माल ताबडतोब परत करावा. हिंमतरावांनी सहाही परत पाठवली. हुकमाची प्रत सापांना गेली नसावी.

श्रावणात पुंजाजीनं आपल्या बायकोला, तानुबाईला, छकड्यात घालून आणलं. तिचा पाय मांडीपर्यंत सुजला होता, आणि नाल्याला पूर असल्यानं तालुक्याची वाट बंद होती.

"मंतर माराले भगताकडं नाई नेलं, साहेब," पुंजाजी धापा टाकत म्हणाला. "सारं गाव आडवं आलं, पन म्या तुमचंच आयकलं. द्या आता सुई."

हिंमतरावांनी रिकाम्या कपाटाकडं एकदा पाहिलं.



मग पायात चपला सरकवत त्यांनी हळूच विचारलं, "भगत घरी असीन का आता?"