हातभर अंतर

धाकटीने प्रयोगशाळेतील कॅमेरा आईच्या वाढदिवशी घरी आणला. त्यात सूक्ष्म भिंगांची जाळी होती. तिच्यामुळे कोण किती अंतरावर उभे आहे, हे एकाच छायाचित्रावरून संगणकाला मोजता येई. आपल्या दोन्ही पुत्रांचा वर्षभराचा अबोला आज सुटावा, एवढीच आईची इच्छा होती. तिच्या शब्दाखातर दोघे शेजारी उभे राहिले. छायाचित्रात खांद्याला खांदा दिसत होता. संगणकाने मात्र जवळचा म्हणून थोरल्याला तांबडा आणि दूरचा म्हणून मधल्याला निळा रंग दिला.

"आई, मधला हातभर मागे आहे गं," धाकटी कुजबुजली.

"गप्प बैस," म्हणून आई मुलांकडे वळली. "अरे, नीट आला नाही फोटो. जरा जवळ या."

फोटो पुनःपुन्हा 'बिघडत' राहिला आणि निळा तांबड्याकडे सरकत गेला. शेवटी थोरला वैतागून मधल्याला म्हणाला, "एवढी शिकली, आणि हिला साधा फोटो काढता येईना."

"तुझ्यावर गेलीय," मधला म्हणाला, आणि दोघे खळखळून हसले.

पडद्यावर दोघांचा रंग एक झाला. "आई, आता अगदी बरोबर आला," धाकटी पुटपुटली.



"त्यांना एवढ्यात सांगू नकोस," आई म्हणाली, "लगेच दूर होतील."